अकराशे नव्वद

चेंबरचा नट निघाला, तरी ऑइल खाली आलं नाही.

भोजराज मिस्त्रीने हार्वेस्टरखाली पडल्या पडल्या भोकात काडी घातली. मग काकवीसारखं काहीतरी लोंबत आलं आणि घमेल्यात बसलं. पडल्याचा आवाजही झाला नाही. भोजराजने ते चिमटीत चोळलं आणि बाहेर सरकला.

इंजिन सकाळी अकराला जाम झालं होतं. शालीकरामच्या बांधीत अर्धं उन्हाळी धान अजून उभं होतं. मालक दुर्गाप्रसाद तिरोड्याहून आला होता. त्याची दुसरी मशीन तिचा ड्रायव्हर गुड्डूने दवनीवाड्याहून आणली होती. ती बांधावर सुरूच उभी होती. सात-आठ शेतकरी बाभळीखाली जमले होते. जाम झालेल्या मशीनचा ड्रायव्हर टिकाराम तिच्या चाकाला टेकून उभा होता.

"हे अडीचशे घंट्याचं ऑइल नाही, सेठ," भोजराज म्हणाला. "सात-आठशे घंटे चाललं आहे."

"मीटर पाहा न," दुर्गाप्रसाद म्हणाला. "अकराशे नव्वद. मागची बदली हजारवर, पुढची साडेबाराशेवर. कार्ड लावलं आहे तिथं. अजून साठ घंटे बाकी आहेत."

"मीटर तुमचं. मी ऑइल पाहून बोलून राहिलो."

सगळ्यांनी टिकारामकडे पाहिलं.

ज्याच्या हातात इंजिन जाम होतं, त्याला या भागात इंजिनखाऊ म्हणतात. हे नाव एकदा चिकटलं की तिरोड्यापासून गोंदियापर्यंत कोणी त्याच्या हाती किल्ली देत नाही. टिकाराम बावन्न वर्षांचा होता. मशीन चालवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

"टिकाराम, ऑइलचा डबा कोनता आनला होता?" दुर्गाप्रसादने विचारलं.

"पंधरा-चाळीस ग्रेडचाच. सीलबंद. तुमच्या समोर फोडला, सेठ."

"मंग ऑइल असं काऊन झालं?"

"मी होळीच्या आधी म्हटलं, बदलून टाकू. पाडव्याले बी म्हटलं. तुम्ही म्हटलं, वरून टाकत जा."

"घंटे भरल्याशिवाय कोन बदलते? भरले काऊन नाही, ते सांग."

टिकारामने वर केबिनकडे पाहिलं. दिवाळीच्या हंगामात दुर्गाप्रसाद एकदा केबिनमध्ये चढला होता. मीटरवर बोट ठेवून म्हणाला होता, "घंटे कमी दिसले तं विकताना भाव येते. तार काढून ठेव." केबिनमध्ये तेव्हा दोघेच होते.

"मीटरची तार काढली आहे," टिकाराम म्हणाला.

"कोनाच्या हातानं?"

"सेठ, तुम्हीच तं..."

"मी हात विचारून राहिलो. कोनाच्या हातानं काढली?"

"माह्या."

दुर्गाप्रसादने आवाज चढवला नाही. तो बाभळीकडे वळला. "आयका गा. मी राहतो तिरोड्याले, मशीन राहते याच्यापाशी. तार काढून कोनाकोनाच्या बांधीत चोरून फिरवली, याचं यालेच मालूम."

"तुम्हीच सांगितलं होतं," टिकाराम म्हणाला.

"कोनी आयकलं? मिस्त्री, तू आयकलं का?"

भोजराज आठ वर्षांपासून टिकारामला ओळखत होता. रोज पहाटे चहाच्या आधी ऑइल मोजायची गेजची पट्टी काढून फडक्याने पुसणारा दुसरा ड्रायव्हर त्याने पाहिला नव्हता. तो आपले पाने-पकडी गोळा करू लागला.

"मी तं आज आलो, सेठ."

"तुम्ही आयकलं का, शालीकराम?"

शालीकरामने आपल्या उभ्या धानाकडे पाहिलं, मग बांधावरच्या दुसऱ्या मशीनकडे. "सकाळी माह्या घरीच चहा पेला गा हा," तो म्हणाला. "पोटात एवढं आहे, वाटलं नाही."

"चहानं काय होते?" मागून कोणीतरी म्हणालं. "त्याले इंजिन लागते खायाले."

हशा झाला. शालीकरामही हसला.

"किल्ली," दुर्गाप्रसाद म्हणाला.

टिकारामने किल्ली दिली.

"तो फडका बी."

"हा माहा आहे, सेठ. घरच्या लुगड्याचा."

"ऑइल माह्या मशीनचं लागलं आहे त्याले."

टिकारामने खांद्यावरचा फडका काढला, झटकला, चार घड्या घातल्या आणि त्याच्या हातात ठेवला. मग तो बांधावरून रस्त्याकडे चालू लागला. "ओ इंजिनखाऊ, डबा राहिला ना तुहा!" कोणीतरी ओरडलं. जेवणाचा डबा केबिनमध्येच होता. तो मागे वळला नाही.

दुर्गाप्रसाद दुसऱ्या मशीनच्या केबिनमध्ये चढला. गुड्डू सीटवर होता. काच उघडी होती. खाली झालेला शब्दन् शब्द त्याने ऐकला होता.

"किती झाले?"

"बाराशे सहा."

मीटरच्या वर कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं : पुढची बदली १२५०.

"लय झाले," दुर्गाप्रसाद म्हणाला. "तार काढ."

गुड्डूने बाहेर पाहिलं. टिकाराम अजून रस्त्याला लागला नव्हता.

"तुम्हीच काढा न, सेठ."

दुर्गाप्रसाद त्या फडक्याने एकेक बोट पुसत होता.

"माहे हात पुसून झाले."

गुड्डू खाली वाकला. इंजिन चालूच होतं. त्याने तार ओढली, दोन्ही टोकांना टेप गुंडाळला आणि मशीन उभ्या धानात घातली.