तिसरी डिस्क

जुनी हार्ड डिस्क आईच्या सगळ्या फोटोंसकट गेली, तेव्हाच ठरवलं, आता घ्यायची ती स्वस्त पण टिकणारी. दादरच्या दुकानात बाबाही सोबत आले. कशाला, देव जाणे. गिरणीत साच्यांवर कापड विणून विणून त्यांचे कान कधीच गेलेत.

दुकानदाराने तीन डिस्क चालू करून दाखवल्या. बाबांनी एकेकीवर तळवा ठेवून पाहिला. तिसरीवर ठेवला आणि त्यांचे ओठ आवाजाशिवाय हलायला लागले. साच्यांच्या गोंगाटात गिरणीतली माणसं अशीच बोलायची, नुसत्या ओठांनी. संपानंतर बाबांशी तसं बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

"हीच घे," ते म्हणाले.

तिची वॉरंटी जास्त होती, म्हणून घेतली.

डिस्क छान चालली. लालबागच्या आमच्या खोलीत बाबा रोज दुपारी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून बसायचे. ओठ हलवायचे, थांबायचे, मान डोलवायचे, पुन्हा ओठ हलवायचे. म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं.

काल मात्र त्यांचे ओठ मला वाचता आले. "ही माझी मुलगी," असं ते सांगत होते.

मी कॉम्प्युटर बंद केला. वायरही काढली. बाबा जागचे हलले नाहीत. चिडून त्यांचा हात उचलायला गेले, तर त्यांनी माझाच तळवा डब्यावर दाबून धरला.

पत्रा थरथरत होता.

"थांब गो," बाबा म्हणाले. "तुझा नाव इचारतत."