रविवारची बाटली

थेंब पडला आणि नळीतलं हौदाचं पाणी पिकल्या केळ्याच्या सालीसारखं पिवळं झालं. गुरुदत्तने नळी उन्हात धरून पुन्हा पाहिली. पिवळं म्हणजे जंतू मारायचं औषध पुरेसं, पाणी निर्धोक. रॉबर्टने तसंच शिकवलं होतं. मग त्याने लाल-निळे कागद बुडवून पाहिले. तुरटी जास्त नव्हती, चुनाही जास्त नव्हता.

"आज उतरू मी?" पायरीवर बसलेल्या सावित्रीने विचारलं.

"रॉबर्टकाका येऊ दे. मग बघू."

नंदाखालमध्ये स्वतःच्या वाडीत पोहण्याचा हौद बांधणारा गुरुदत्त पहिलाच. लोकांनी हसून घेतलं. सगळं गाव बावखलाच्या तळ्यात हातपाय मारून पोहायला शिकलं, याला मात्र सिमेंटचा थाट हवा! पण थाट कसला नि काय. पोलिओनं सात वर्षांच्या पोरीचा उजवा पाय लुळा पडला, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वच्छ पाण्यात रोज हलवला तर पायात जीव येईल. घरालगत जागा तेवढी एकच होती. तिथली मोरी आणि संडास उचलून विहिरीशेजारच्या कोपऱ्यात नेले, बावखलाचं पाणी इंजिनाने खेचून हौद भरला, आणि हा केळीवाला माणूस सकाळ-संध्याकाळ ब्लीचिंग पावडर ढवळू लागला.

आणि पायात खरोखरच जीव आला. दिवाळीच्या सुमारास सावित्रीने पाण्यात टाच हलवली. तिची आई रुक्मिणी काठावर बसून आधी रडली, मग हसली, मग आळीभर गूळ वाटत फिरली.

त्यानंतर पोरीचं पोट बिघडलं. चार दिवस बरं असायचं, पुन्हा बिघडायचं. अंगात कणकण, डोळे खोल गेलेले. गावच्या डॉक्टरांनी मान हलवली.

"पोहताना पाणी तोंडात जातंय. हौदाचं पाणी तपासून घ्या. आणि हिला भरपूर पाणी पाजा, अंग सुकतंय."

तेव्हापासून भागूबाई तांब्या-पेला घेऊन पोरीच्या मागे मागे असायची. भागूबाई खाडीकाठची. तिला या घरी कामाला येऊन इतकी वर्षं झाली होती की गुरुदत्तचे कान पिळायचा हक्कही तिने कधीचा मिळवला होता.

तपासणीची सोय रॉबर्टने केली. तो शेजारचाच, गुरुदत्तचा बालमित्र, मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरीला. शनिवारी घरी यायचा, रविवारी संध्याकाळी परत जाताना पाण्याची बाटली न्यायचा. बाटली आधी उकळून घ्यावी लागे, म्हणून ती स्वयंपाकघरात असे. "भागूबाई, मुंबईच्या साहेबांना पाणी दाखवायचंय, नीट भरून ठेवा," एवढं गुरुदत्तने पहिल्यांदा सांगितलं, त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही. बूच घट्ट लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून ती बाटली रॉबर्टच्या हाती देई.

निकाल दर वेळी तोच. पाण्यात जंतू आहेत.

गुरुदत्तने पावडर वाढवली. जंतू होतेच. आणखी वाढवली. पोरीचे डोळे लाल झाले, कातडी खरखरीत झाली, जंतू जागचे हलले नाहीत. "तपासताना बाटलीत औषधाचा मागमूससुद्धा नसतो," असं रॉबर्ट एकदा म्हणाला होता. वाटेत उडून जात असेल, अशी दोघांनी समजूत घालून घेतली. घरात नळी रोज पिवळी व्हायची आणि मुंबईहून रोगाचा निरोप यायचा. खरं कुणाचं मानायचं? काळजीनं गुरुदत्तचंही पोट ठिकाणावर नव्हतं.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून रॉबर्ट आला तो तसाच हौदाकडे. टोपीसुद्धा काढली नाही.

"गुरू, पोरीला यात उतरवू नकोस. मैल्याचे जंतू आहेत. या खेपेला फारच."

"आत्ताच तपासलं रे मी. नळी पिवळी आली."

"नळीला काय कळतंय? मी स्वतः पाहिलंय, माझ्या डोळ्यांनी."

गुरुदत्त काठावर बसला. हौद बांधला त्यानेच, पाणी भरलं त्यानेच, म्हणजे लेकीला विषही पाजलं त्यानेच. आता करण्यासारखं एकच उरलं होतं. त्याने वाकून साखळीने तळाचं बूच ओढलं.

"बाबा, नको ना! हलतोय ना माझा पाय! बघा, हलतोय!"

त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बूच पुन्हा लावलं असतं. पाणी पाटाने केळीत जाऊ लागलं. रुक्मिणीने पोरीला उचलून घरात नेलं, तरी तिचा आवाज वाडीच्या कुंपणापर्यंत येत राहिला.

संध्याकाळी रॉबर्ट निरोप घ्यायला आला. दोघे मित्र ओटीवर बसले होते. सावित्री खांबाला टेकून मुसमुसत होती. भागूबाई बाहेर आली. तिने पोरीच्या हाती पाण्याचा पेला दिला, आणि काखेतलं ओलं फडकं सोडून रॉबर्टपुढे भरलेली बाटली धरली.

गुरुदत्त खिन्नपणे हसला. "भागूबाई, सवयच लागली तुम्हाला. हौद सकाळीच रिकामा केला, ठाऊक नाही का?"

"हौदाचं मला काय करायचंय?"

"मग हे पाणी कुठलं?"

"दर रविवारचंच. आपल्या विहिरीचं." भागूबाईला त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मुंबईच्या सायबाला पानी धाडायचं, ते काय पोर पाय धुते त्यातलं धाडू? घराची अब्रू नाय जायची? आपलं प्यायचं गोडं पानी, दुहेरी फडक्यानं गाळून देते मी."

रॉबर्टचा हात बाटलीपर्यंत येऊन तसाच राहिला.

रडून घसा कोरडा पडलेल्या सावित्रीने पेला एका दमात संपवला आणि भागूबाईपुढे पुन्हा धरला. "अजून दे."