चौदाची गाडी

भिंत पांढरीफटक, रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिच्यावर निळ्या अक्षरांत टीमचा सगळा इतिहास लिहिलेला. भोईर रेसिंग, माजिवडा. चॅम्पियन २०११, प्रफुल्ल भोईर. चॅम्पियन २०१२, प्रफुल्ल भोईर. चॅम्पियन २०१४, प्रफुल्ल भोईर.

भिंतीला पाठ करून चौदाची लाल गाडी उभी. बॉनेटवर झेंडूचा हार.

दक्षता कळव्याहून स्कूटरवर आलेली. हेल्मेट काखेत धरून तिने तिन्ही ओळी वाचल्या. शेवटची परत वाचली.

"दादूस, चौदाची लाइन चुकलीय."

प्रफुल्ल तिचा चुलतभाऊ. आज त्याच्या नव्या गॅरेजचं उद्घाटन, म्हणून कडक शर्ट आणि गळ्यात करंगळीएवढी चेन. "चुकली कुठे? टीम भोइरांची. तू आता केणी. केण्यांचं नाव भोइरांच्या भिंतीवर कसं टाकणार, सांग."

"चौदाला मी भोईरच होते. लग्न पंधराचं."

"अगं, घरातल्या घरात काय मोजायचं? जा, आत वडे आहेत."

तो फायनलचा ट्रॅक, तो चिखल, शेवटच्या वळणावर दक्षताने मारलेली मुसंडी, गाववाल्यांना सगळं माहीत होतं. पण वडे गरम होते. कोणी तोंड उघडलं नाही.

टीमचा जुना मेकॅनिक गणूमामा गाडीची काच पुसत होता. त्याने दक्षताकडे बघून एक डोळा बारीक केला.

दक्षता एकदम गोड झाली. "बरं बाबा. मग फोटो तरी काढू. बस ना दादूस, तुझ्या गाडीत."

लगेच पन्नास मोबाइल वर झाले. प्रफुल्लला नाही कसं म्हणता येणार?

आता प्रफुल्ल सहा फुटी. आणि ही सीट दक्षताच्या मापाने पुढे सरकवून बोल्टने आवळलेली. दक्षता पाच फूटही नाही, म्हणून पेडलांवर लाकडाचे ठोकळे बसवलेले. महिन्यापूर्वी प्रफुल्लनेच हुकूम सोडलेला, "गाडी जिंकली तशीच ठेव, एक बोल्ट हलवू नको." गणूमामाने एक बोल्ट हलवला नाही.

प्रफुल्लचा एक पाय आत गेला, गुडघा स्टिअरिंगला अडकला. दुसरा पाय बाहेरच राहिला.

"प्रफुल्लशेठ, हवा सोडा थोडी!" मागून कोणीतरी ओरडलं.

प्रमुख पाहुणे हितेशशेठ, टायरवाले, टीमला पैसे देणारे. त्यांनी वाकून आत बघितलं. "प्रफुल्लभाई, ह्या गाडीत तुम्ही जिंकलात कसे?"

प्रफुल्ल अजून गुडघा सोडवत होता. दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर ओढला. शर्टाचं एक बटण आतच राहिलं.

दक्षताने ओढणी कमरेला बांधली, हेल्मेट चढवलं आणि एका झटक्यात आत बसली. पाय बरोब्बर ठोकळ्यांवर. गणूमामाने चावी टाकली, तिने वरच्या वर झेलली.

"ए, चालू नको करू हां!"

"घरातल्या घरात काय घाबरतोस, दादूस?"

सकाळी भिंत वाचली तेव्हाच गणूमामाने सायलेन्सरच्या नळीत अर्धा डबा काळं ऑइल ओतून ठेवलेलं. चिखलात बुडू नये म्हणून त्यानेच कधीकाळी ती नळी वरच्या अंगाला वाकवलेली. नळीचं तोंड भिंतीकडे.

दक्षताने चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटर खाली दाबला.

धडाड! काळी पिचकारी थेट तिसऱ्या ओळीवर. अकरा स्वच्छ, बारा स्वच्छ. चौदाचा नुसता आकडा वाचला, पुढे प्रफुल्ल भोईर होता तिथे हा एवढा काळा डाग.

"भिंत! अरे माझी भिंत!"

"जिंकली तशीच ठेवली ना शेठ," गणूमामा म्हणाला. "चौदाला पण अशीच थुंकायची."

दक्षताने पहिला गिअर टाकला. गर्दी दोन्ही बाजूंना फाकली.

"कुठे चाललीस गाडी घेऊन?"

"कळव्याला. भोइरांच्या गॅरेजात केण्यांची गाडी कशी ठेवणार, सांग."

गाडी शटरखालून बाहेर पडली. हार बॉनेटवरून घसरून मागच्या चाकाखाली गेला, आणि माजिवड्याच्या नाक्यापर्यंत रस्ताभर झेंडू सांडत गेला.