राखलेला गड्डा

सुरीचे पाते देठाला टेकले आणि घड्याळजींचा हात थबकला.

"कापा ना, बाबा. पानं धुवायला पाणी काढून ठेवलंय," मुलगी परसाच्या पायरीवरून म्हणाली. "का आधी कानाला लावून टिकटिक ऐकायचीय?"

वाफ्यात लेट्यूसचे अवघे चार गड्डे होते. त्यांतला हा मधला सर्वांत मोठा: पानावर पान घट्ट मिटलेले, आत फिकट, हाताला जड. असा गड्डा या घरात चाळीस वर्षांत एकदाही कापला गेला नव्हता. घड्याळजींची पत्नी दर साली त्याला लाल लोकरीचा धागा बांधी आणि बियांसाठी राखून ठेवी. ऊन तापले की तो कमरेइतका उंच होई, पिवळ्या फुलांनी भरे आणि खाण्याच्या कामाचा उरत नसे. जेवायला बसल्यावर घड्याळजींची तक्रार ठरलेली असे: "या घरात उत्तम ते काही आमच्या ताटात पडायचं नाही." तीही ताट पुढे सरकवीत ठरलेले उत्तर देई, "पुढच्या वर्षी."

यंदा ताट सरकवणारी नव्हती. तिच्यामागे एक चपटी डबी उरली होती. पूर्वी डबीत घड्याळांचे स्क्रू असत, पुढे पत्नीच्या बिया राहू लागल्या. थंडीच्या आरंभी घड्याळजींनी त्या बहुतेक सगळ्या पेरल्या. सूक्ष्म वस्तू उघडी टाकू नये, धुळीपासून झाकावी, हा त्यांच्या व्यवसायाचा धर्म. तदनुसार त्यांनी बियांवर बोटभर माती पसरली, वरून निगुतीने हात फिरवला आणि तीन आठवडे वाट पाहिली. एकही अंकुर वर आला नाही. मग एका सकाळी दाढी करता करता तिचे शब्द आठवले: "अहो, बी गाडून काय टाकताय? उजेड दिसला तरच ती जागी होते." डबीच्या सांध्यात अडकलेल्या बिया त्यांनी डोळ्याला भिंग लावून चिमट्याने टिपल्या. अकरा निघाल्या. त्या ओल्या मातीवर नुसत्या ठेवून त्यांनी तळव्याने हलकेच दाबल्या. त्यांतल्या चार इथवर पोचल्या होत्या.

"चाळीस वर्षं कुरकुर केलीत ना? मग मोठाच कापा," मुलगी म्हणाली. "आता अडवायला कोण आहे?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

घड्याळजींनी गड्ड्यावरची माती बोटाने झटकली. मग म्हणाले, "बी काय, बाजारात मिळतं म्हणा."

"हवी तेवढी पाकिटं मिळतात."

"मिळतात. पण ते दुसऱ्या कुणाच्या परसातलं."

हा सर्वांत उत्तम गड्डा ताटात गेला, की पत्नीने दर साली उत्तमातून उत्तम निवडून राखलेले बी इथेच संपणार होते. त्यांनी सुरी मातीत रोवली आणि खिशातून डबी काढली. ती रिकामी होती. तळाशी तेवढा विटलेला लाल धागा, घड्याळाच्या बारीक स्प्रिंगसारखा वेटोळे घालून पडला होता. नखाएवढी चाके जागच्या जागी बसवणाऱ्या त्या बोटांना मधल्या गड्ड्याभोवती एक साधी गाठ तिसऱ्या खेपेस साधली. मग त्यांनी कडेचा, सर्वांत लहान गड्डा कापला.

मुलीने पाने धुतली, निथळली, ताटात मांडली. घड्याळजींनी दोन पाने सावकाश चावून खाल्ली. खिडकीतून वाफा दिसत होता.

"या घरात उत्तम ते काही आमच्या ताटात पडायचं नाही," ते बाहेर पाहत म्हणाले.

मुलीचा हात क्षणभर थांबला. मग तिने ताट त्यांच्यापुढे आणखी थोडे सरकवले.

"पुढच्या वर्षी."