बेताचा झटका

"पोरगी हल्ली काही कामाची राहिली नाही. गारठा पडला की नुसती पडून असते," बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते. "एक झटका द्यायलाच हवा. पण बेताने हं! जास्त झाला तर हातची जायची."

पांघरुणात पुस्तक वाचत पडलेल्या लेकीने ते ऐकलं आणि तिच्या नाकावरचा राग दिवसभर उतरला नाही.

"काय गं, तोंडाला कुलूप का?" जेवताना बाबांनी विचारलं.

"बिनकामाच्या माणसांनी बोलू नये," ती म्हणाली. बाबांना काही उमगलं नाही. ते आपले हसले आणि तिला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी ती त्यांचा चष्मा आणि डबा आणायला ते काम करायचे त्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गेली. तिथले केमिस्ट तिला एका लालसर, उग्र वासाच्या टाकीपाशी घेऊन गेले.

"ही साहेबांची पोरगी! हिच्यातले जिवाणू सांडपाण्यातला नायट्रोजन फस्त करतात. थंडीत मात्र सुस्तावतात. मग हलकी वीज सोडली की लागतात कामाला. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा साहेबांनी त्यासाठीच मला फोन केला होता. फार जीव होता हो त्यांचा हिच्यावर."

तिने नाकावरचा रुमाल काढला आणि कठड्यावरून टाकीत वाकून पाहिलं.



"धाकटे, माझाही बाबांवर फार जीव होता गं. त्यांना कधी बोलले नाही, एवढंच."