चौथं चित्र

“लोखंडी नको, पितळी स्क्रू लावू,” स्टुलावर चढलेले सुतारकाका म्हणाले. “या घरात लोखंड दोन महिने तग धरत नाही. ओल फार.”

सुनेने चित्र उचलून दिलं. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री, तिच्या सावलीत रिकामी आरामखुर्ची, खुर्चीखाली एकच चप्पल. बाकी सगळी उन्हाने भाजलेली वाळू.

“सुट्टीतला समुद्र म्हणे!” नवरा दारातून चिडवत म्हणाला. “पाणी कुठाय यात?”

“येईल हळूहळू. तू आधी रेडिओ लाव, बंद पडलाय.”

या घरात रेडिओ दिवसभर चालू असे. सासूबाईंना शांतता सोसत नसे.

तीन वर्षांपूर्वी सासरे सकाळी फिरून येतो म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. त्या दिवसापासून सासूबाईंनी पुढच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या खोलीत अंथरूण, मागच्या दाराने बाजार, मागच्या अंगणात ऊन. पुढची खोली घरातल्या घरात परगाव झाली होती. आणि चार महिन्यांनी पाळणा तर तिथेच टांगायचा होता, दुसरीकडे जागाच नव्हती. पाळणा पुढे आणि आजी मागे, हे सुनेला बघवणार नव्हतं.

सासरे समुद्रवेडे. लग्नाआधी सुनेने समुद्र पाहिलाही नव्हता. त्यांनीच हात धरून तिला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं होतं. “घाबरतेस काय, पोरी? पायच तर धुतोय तो तुझे.” म्हणून तिने दुकानात शोधून शोधून उन्हातली, हसरी, सुट्टीतली चित्रं निवडली होती.

पहिल्या चित्राला सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या.

“खुर्ची कुणाची?”

“ज्याला बसावंसं वाटेल त्याची, आई.”

“हं,” म्हणून त्या परत फिरल्या.

पंधरा दिवसांनी दुसरं लागलं. शिंपले, आणि ओल्या वाळूत इवल्या पावलांचे ठसे. सासूबाई एक पाऊल आत आल्या. डोळे बारीक करून पाहिलं.

“सगळी उजवीच पावलं काढलीत मेल्याने. पोर काय लंगडी घालत गेलं?”

सून खुदकन हसली. सासूबाईही हसल्या, आणि स्वतःच्याच हसण्याला दचकल्या.

तिसऱ्या चित्रात वरच्या कडेला पाण्याची बोटभर रेघ होती. निळी, चमचमती. त्यानंतर आठ दिवस सासूबाई मागच्या खोलीतून हलल्या नाहीत. ताटातला घास ताटातच राहू लागला.

“उतरव ते,” नवरा म्हणाला. “घाई केलीस.”

तिने स्टूल ओढलं. डोळे भरून आले होते. फ्रेमला हात घातला, तोच मागून आवाज आला.

“राहू दे. आणि या दिवसांत स्टुलावर कसली चढतेस? उतर खाली.”

सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

“रंग मात्र खोटा आहे हो. दुपारचं पाणी असं नसतं. कडेला हिरवट असतं, आणि दूर जाईल तसं जांभळं.”

“बदलून आणू?”

“बदलून काय, तसंच देईल. दुकानदाराला कुठे कळतंय!”

त्या छत्रीच्या चित्राखाली बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “तो रेडिओ बंद कर गं. नुसता कलकलाट.”

सुनेने रेडिओ बंद केला. सासूबाईंनी डोळे मिटले. श्वास सावकाश खाली-वर होत राहिला, कुणीतरी झोका देत असल्यासारखा.

“चौथं लावायला भिंतच उरली नाही,” सून हळूच म्हणाली.

“पश्चिमेची आहे की.”

पश्चिमेच्या भिंतीला मधोमध फळ्या मारलेल्या होत्या. तिथून ओल येते, असं सासूबाई पाहुण्यांना सांगत.

“तिथे कुठलं आणू, आई?”

“तू काही आणू नकोस. उद्या सुतारभाऊजींना बोलाव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतारकाका पेटी घेऊन आले. सासूबाई केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. खुर्चीचं तोंड पश्चिमेकडे.

“वहिनी, चित्र कुठंय?”

“या फळ्या तुम्हीच मारल्या होत्यात ना, भाऊजी?”

“तुम्हीच सांगितलंत म्हणून.”

“मग आता मीच सांगतेय. काढा.”

सुतारकाकांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूबाईंचा हात घट्ट धरला. तिचाच हात गार पडला होता.

“घाबरतेस काय, पोरी?” सासूबाई म्हणाल्या.

पितळी स्क्रू एकेक करून सुतारकाकांच्या तळहातावर जमत गेले. एक फळी निघाली, दुसरी निघाली. शेवटची उतरली, आणि उघड्या खिडकीबाहेर, चाळीस पावलांवर, कडेला हिरवट आणि दूरवर जांभळा, समुद्र होता.