आत्याचा टीव्ही

"एखादी खुर्ची आहे का हो?" टीव्हींच्या भिंतीसमोर उभं राहून आत्याने विचारलं.

सेल्समनने खुर्ची आणून दिली. आत्याने ती मागे ओढली, आणखी मागे ओढली, पार मिक्सरच्या खोक्यांना नेऊन टेकवली. तिच्या खोलीत पलंगापासून भिंत एवढीच लांब होती. मग पर्स मांडीवर घेऊन ती ऐसपैस बसली.

आत्या ठार बहिरी. कानाशी ढोल बडवला तरी पापणी हलायची नाही. तिचा जुना डबा टीव्ही परवा बंद पडला होता आणि नवा तिच्याच खोलीत लावायचा होता. सोबत भाचा आणि भाचेसून आले होते. तिघं एकाच घरात राहत. आत्याला काही सांगायचं असलं की दोघं हातवारे करत. एरवी तिच्यासमोर एकमेकांशी बिनधास्त बोलत.

"हा साधा एचडी, हा फुल एचडी आणि हा फोर-के," सेल्समन सांगू लागला. "चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. ठिपके जितके जास्त, तितकं चित्र रेखीव."

"त्यांना साधाच द्या." भाचेसून आत्याकडे बघून गोड हसली आणि त्याच हसऱ्या तोंडाने पुढे म्हणाली, "ऐकू येत नाही, काही नाही. चित्रं हलली की झालं."

"मग फोर-के आपल्याला हॉलमध्ये घेऊ," भाच्याचे डोळे चमकले. "मॅच बघायला काय मजा येईल!"

"आणि सहलीचं? त्यांना कधी सांगायचं?"

"निघायच्या आदल्या दिवशी. आधी कळलं तर बॅग भरून दारात बसेल."

आत्याही गोड हसली. तिने मानसुद्धा डोलावली.

सगळ्या पडद्यांवर रंगीत पोपट उडत होते. आत्याने सेल्समनला बोलावलं. "हे पोपट काढा बरं. या तिन्हींवर माणसं लावा. बोलणारी."

सेल्समनने तिन्ही पडद्यांवर एकच मुलाखत लावली. एक जाडेला म्हातारा नट सोफ्यात रुतून बोलत होता. आवाज अर्थातच बंद. एवढ्या टीव्हींचे आवाज सोडले असते, तर दुकानात कोणी टिकलंच नसतं.

पहिल्या टीव्हीकडे आत्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि नाक मुरडलं. दुसऱ्यासमोर ती जरा पुढे झुकली. तिसऱ्याकडे मात्र एकटक बघत राहिली. आणि एकदम खो खो हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाच्याने पडद्याकडे पाहिलं. कोणी पडलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. नट नुसता बोलत होता.

"काय झालं गं आत्या?" तो हातवारे करायचंही विसरला.

"अरे, तो म्हणतोय, मी घोरतो म्हणून बायको माहेरी गेली. तिथे तिला त्या शांततेत झोपच येईना, म्हणून परत आली!"

सेल्समनने मुलाखत थोडी मागे नेली आणि आवाज मोठा केला. नट शब्दन् शब्द तेच म्हणत होता.

"तुला... कळतं?" भाच्याने विचारलं.

"न कळायला काय झालं? उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत मागावर गेली माझी. त्या खडखडाटात कान कुणाचे चालतात? आम्ही बायका नुसते ओठ हलवून दिवसभर गप्पा मारायचो. मुकादमाची टिंगलसुद्धा त्याच्या तोंडावर!" आत्याने फोर-केकडे बोट दाखवलं. "मला हाच हवा. बाकीच्या दोघांवर एवढ्या लांबून ओठ पुसट दिसतात."

"पण हे कधी बोलली नाहीस तू!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

भाच्याने ओठ घट्ट मिटून घेतले. भाचेसुनेचा हात आपसूक तोंडावर गेला.

"असू दे गं," तिच्या पाठीवर हलकेच थोपटत आत्या म्हणाली, "लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून तुझं बोलणं बघतेय. आता झाकून काय उपयोग?"